सहातला एक, दहातले नऊ: भुसावळात मागवलेल्या लिमियांचं प्रकरण

भुसावळच्या जामनेर रोड भागातल्या एका घरी 150 लिटरची टाकी दोन वर्षं व्यवस्थित चालू होती. त्यात गप्पी, प्लॅटी आणि थोडी शेवाळं होती. घरातल्यांना आता काहीतरी वेगळं हवं होतं, पण पिल्लं देणारंच. शोधाशोध करून त्यांनी चेन्नईच्या कोलथूर भागातल्या एका विक्रेत्याकडे गप्पीच्या कुळातल्या लिमिया नायग्रोफॅसिएटा या माशाची ऑर्डर दिली: 2 नर, 4 माद्या, सगळे पूर्ण वाढलेले. फोटोतल्या नराच्या पाठीवर उठावदार कुबड होतं आणि अंगावर काळे उभे पट्टे. पैसे आगाऊ पाठवले. महिना मे, दुसरा आठवडा.

खोका आला तेव्हा सहापैकी पाच मासे जिवंत होते. रात्रीपर्यंत एकच उरला.

पुढचे आठ दिवस दोन्हीकडून फोन झाले. विक्रेता म्हणे, माल जिवंत पोचला, व्हिडिओ तुम्हीच पाठवला, तेव्हा दोष तुमच्या पाण्याचा. घरचे म्हणत, आमच्या टाकीत दोन वर्षं मासे मजेत आहेत, पाणी खराब कसं असेल? दोघांचंही म्हणणं खरं होतं. नंतर मेलेले चार मासे विक्रेत्याच्या पाण्याने मेले नाहीत आणि टाकीच्या पाण्यानेही नाहीत. त्यांचा घात झाला तो दोन्ही पाणी एकमेकांत मिसळण्यात घालवलेल्या अडीच तासांत. हे प्रकरण सविस्तर मांडण्याचं कारण हेच आहे. लांबून मासे मागवणारे बहुतेक जण हीच चूक करतात, आणि करतात ती काळजी म्हणून.

मेमधला खोका

मासे आदल्या संध्याकाळी भरले होते. सकाळच्या नवजीवन एक्सप्रेसमध्ये खोका चढला, दुसऱ्या दिवशी भुसावळला उतरला, पार्सल ऑफिसातून सुटून घरी येऊन उघडेपर्यंत भरल्यापासून 40 तास झाले होते. थर्माकोलच्या खोक्यात तीन पिशव्या, प्रत्येकीत एक लिटरहून कमी पाणी आणि दोन मासे. तळाशी विष्ठा दिसत होती, म्हणजे भरण्याआधी मासे उपाशी ठेवले नव्हते. उपास 24 ते 48 तासांचा हवा. पोट रिकामं असलं की पिशवीत घाण कमी होते, आणि धडधाकट मोठ्या माशाला दोन दिवसांच्या उपासाने काही होत नाही.

तिसरी पिशवी कोपऱ्यातून झिरपली होती. तिच्यातला नर मेलेला, मादी उरल्यासुरल्या पाण्यात आडवी. घरच्या मुलाने घाईघाईने तिला जाळीत घेतलं आणि सरळ टाकीत सोडलं. बाकीच्या चौघांची मात्र नीट बडदास्त ठेवली गेली. पिशव्या बादलीत उघड्या केल्या, सलाईनचा सेट लावला आणि टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत अडीच तास घालवले. पाणी निम्मं-निम्मं झाल्यावर मासे टाकीत गेले. तासाभरात ते पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून धापा टाकू लागले, मधूनच वेड्यासारखे काचेवर आपटू लागले. रात्री चौघे तळाशी.

जगली ती जाळीने थेट सोडलेली मादी. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच.

दुसरा पुरावा घरच्यांनी नकळत जपला होता. पिशवी उघडताच त्यांनी पट्टीने पाण्याचा पीएच (आकडा जितका लहान तितकं पाणी आम्ल) पाहिला होता, 6.6. शिवाय पिशवीचं थोडं पाणी बाटलीत काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यात एकूण अमोनिया लिटरला 6 मिलिग्राम भरला. टाकीचा पीएच 8.2, अमोनिया शून्य. पिशवीचं तापमान 33 अंश, टाकीचं 32. म्हणजे तापमानाचा धक्का बसला असण्याचा प्रश्नच नव्हता.

आता हिशेब पाहा. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो: अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही, आणि मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि जवळजवळ सगळा अमोनिया निरुपद्रवी रूपात अडकून राहतो. 33 अंश आणि 6.6 पीएचला मुक्त अमोनिया फक्त 0.4 टक्का असतो. 6 मिलिग्रामचे 0.4 टक्के म्हणजे लिटरला सुमारे 0.024 मिलिग्राम. मासे दमलेले होते, पण सुरक्षित होते.

पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर सरकतो. त्यात वरून 8.2 पीएचचं पाणी थेंबथेंब पडतं. अडीच तासांनी पाणी निम्मं झालं, एकूण अमोनिया 6 वरून 3 वर आला, पण पीएच 8 ला पोचला. त्या पीएचला मुक्त अमोनियाचा वाटा 9 टक्के. 3 चे 9 टक्के म्हणजे 0.27. एकूण अमोनिया निम्मा झाला आणि विष सुमारे अकरा पट झालं. मासे या पाण्यात तास-दीड तास बसवून ठेवले होते.

थेंबथेंब मिसळण्याची पद्धत मुळातच चुकीची नाही. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला ती चालते, कारण त्या पिशवीत अमोनिया साठलेलाच नसतो. 20 तासांहून जुन्या पिशवीला ती चालत नाही. अशा वेळी बंद पिशवी 20 मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळवायचं, मग पिशवी कापून पाणी जाळीतून बादलीत ओतायचं, मासे लगेच तयार पाण्यात आणि पिशवीचं पाणी मोरीत.

इथे एक शंका रास्त आहे. भुसावळच्या त्या घरात बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) 860. विक्रेत्याचं पाणी त्याच्या निम्म्याने. मग एकदम टाकल्यावर क्षारांचा धक्का नाही का बसणार? बसू शकतो. म्हणूनच पाणी जुळवायचं ते मासे यायच्या आधी. पिशवीत टाकीचं पाणी मिसळण्याऐवजी टबमध्येच विक्रेत्याच्या पाण्यासारखं पाणी तयार ठेवायचं. नोव्हेंबरात नेमकं हेच केलं गेलं.

उरलेली मादी आणि बाप न कळलेली पिल्लं

जगलेल्या मादीने तिसऱ्या दिवशी नऊ पिल्लं टाकली, पोटाला पिवळा बलक तसाच लटकलेला. एकही वाचलं नाही. गाभण मादीला लांबच्या प्रवासाला पाठवलं की असं वारंवार होतं. विक्रेते 'पोटात पिल्लं आहेत' हे आमिष म्हणून सांगतात; आमच्या मते ते ऐकून ऑर्डर पुढे ढकलावी. पोट भरलेली मादी ऑक्सिजन जास्त वापरते, घाण जास्त करते आणि धक्क्याने पिल्लं टाकते.

जूनच्या अखेरीस त्याच मादीने 14 धडधाकट पिल्लं दिली. टाकीत लिमियाचा नर नव्हता. घरच्यांना चमत्कार वाटला, पण गप्पी-लिमियांच्या कुळात हे नेहमीचंच आहे. एकदा झालेल्या मिलनातलं वीर्य मादी शरीरात महिनोन्‌महिने जपते आणि त्यातून एकामागून एक वेतं देते. प्रश्न इतकाच की ते वीर्य कोणाचं?

हा प्रश्न लिमियाच्या बाबतीत जास्त टोचतो. नायग्रोफॅसिएटा हैतीतल्या मिरागोआन तलावातला मासा. त्याच तलावातला दुसरा पट्टेदार, सडपातळ मासा छंदात 'टायगर लिमिया' म्हणून फिरत होता. लिमिया इस्लाई हे नाव देऊन त्याला वेगळी जात म्हणून 2020 मध्ये नोंदवलं गेलं. म्हणजे त्याआधीच्या काळात नावांची सरमिसळ झालेली असू शकते. लहानपणी दोन्हींचे पट्टे सारखेच भासतात, आणि नायग्रोफॅसिएटाच्या नराचं कुबड वयानुसार उठतं, तरुण नराला ते नसतंच. विक्रेत्याला विचारल्यावर कळलं की त्याच्याकडे दोन्ही मासे होते आणि काही दिवस एकाच हौदात. लिमियाच्या जाती एकमेकींशी संकर करतात. मग या 14 पिल्लांचा बाप कोण, हे त्यांच्याकडे पाहून सांगणं शक्य नव्हतं.

घरच्यांचा विचार होता की पुढे नवे मासे आले की ही पिल्लं त्यांच्यात सोडावी, नवं रक्त मिळेल. हे टाळायला हवं होतं आणि टाळलं गेलं. भारतात अशा माशांच्या मोजक्याच वस्त्या लोकांच्या घरी आहेत. एकदा संकर मिसळला तर पुढच्या पाच घरांपर्यंत तो 'शुद्ध' या नावानेच जातो. मादीला आणि तिच्या पिल्लांना वेगळी 60 लिटरची टाकी मिळाली.

नोव्हेंबरची ऑर्डर

विक्रेता बदलला नाही. पहिल्या खेपेची भरपाई म्हणून त्याने निम्म्या भावाची तयारी दाखवली. त्याच्याशी भांडण्यापेक्षा त्याला नेमके प्रश्न विचारणं जास्त उपयोगाचं ठरलं.

यावेळी जोड्या नाहीत, तर 10 पिल्लं, प्रत्येक साधारण 2 सेंटिमीटर, नर-मादी न निवडता, एकाच टाकीतली. लहान पिल्लू पिशवीत कमी घाण करतं, प्रवास जास्त सोसतं, आणि मुख्य म्हणजे ते आधी कोणाशी जुळलेलं नसतं, त्यामुळे बाप माहीत नसण्याचा प्रश्न उरत नाही. दहामध्ये दोन्ही लिंगं मिळण्याची शक्यता जवळपास पूर्ण असते. थांबावं मात्र लागतं: तीन-चार महिने नर ओळखू येत नाहीत, कुबडाला तर वर्ष जातं. आई-बापांचा चालता व्हिडिओ मागवला, जुना फोटो नव्हे. ते ज्या हौदात आहेत त्यात दुसरी लिमिया नाही, हे लिहून घेतलं.

तारीखही निवडली. खानदेशात लांबून मासे मागवायला दोन खिडक्या आहेत: दिवाळीच्या आसपासपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत, आणि फेब्रुवारी. मार्चनंतर रेल्वेच्या डब्यात आणि फलाटावर खोका भाजतो. 25 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 8.3 मिलिग्राम ऑक्सिजन विरघळतो, 35 अंशांना 6.9, आणि उन्हाळ्यात माशाची गरज मात्र वाढलेली असते. डिसेंबर-जानेवारीत उलट त्रास. केळीच्या बागा थंडीने होरपळतात त्या रात्री पार्सलची पिशवीही गार पडते. फार गरज असेल तर मेमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून झाकणाला चिकटवतात, पण ती पिशवीला टेकली तर मासे गारठतात. त्यापेक्षा थांबावं.

भरणं गाडीच्या दिवशी सकाळी, आदल्या संध्याकाळी नाही. 10 पिल्लं दोन पिशव्यांत, पाच-पाच. पिशवी दुहेरी, एक भाग पाणी आणि दोन भाग शुद्ध ऑक्सिजन, तळाचे कोपरे बांधून गोल केलेले, म्हणजे मासा कोपऱ्यात चेंगरत नाही आणि पिशवी तिथून फुटतही नाही. पोच भुसावळ स्टेशनची मागितली, घरची नाही. पार्सल ऑफिसात घरचा माणूस गाडीच्या वेळेला हजर. उघडेपर्यंत एकूण 30 तास, म्हणजे आधीपेक्षा 10 तास कमी.

पाच दिवस आधी विक्रेत्याकडून दोन आकडे मागवले: टीडीएस 420, पीएच 7.4. घरी 40 लिटरचा टब मांडला. बोअरचं पाणी 860, आरओचं 40. 20 लिटर हे, 20 लिटर ते, मीटर 450 दाखवू लागला. चाळीस-पन्नासचा फरक चालतो. जारचं पाणी वापरायचं असेल तर आधी मीटर घालून पाहा. ते जारच्या दुकानागणिक बदलतं. नळाचं पाणी वापरलंच तर त्यातली टीसीएल (जंतुनाशक क्लोरीन पावडर) काढायला हायपो लागतो, 100 लिटरला 1 ते दीड ग्राम. हायपो क्लोरीन काढतो, अमोनिया काढत नाही. हा गैरसमज पुष्कळ घरांत आहे.

टबमध्ये स्पंज फिल्टर होता, चालू टाकीत महिनाभर ठेवून मुरवलेला. हा एक तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. नवा कोरा स्पंज टाकला तर टबमध्येच अमोनिया चढतो आणि पिशवीतून वाचवलेले मासे तिथे मरतात. वरून थर्माकोलचा अर्धा तुकडा सावलीला, आत प्लॅस्टिकच्या चार रोपांचा झुपका. लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअर पंप शेजारी.

मीठ घातलं नाही. पुष्कळ जण नव्या पिल्लं देणाऱ्या माशांना लिटरला 1 ग्राम खडे मीठ देतात आणि ते सोसतंही. पण तेवढ्या मिठाने टीडीएस मीटर सुमारे हजाराने वर जातो आणि पाणी जुळवण्याचा सगळा हिशेब आंधळा होतो. मीठ बुरशी किंवा कल्ल्यांचा त्रास दिसला तर द्यायचं, सवय म्हणून नाही.

खोका मंद उजेडात उघडला. व्हिडिओ आधी बंद पिशव्यांचा, सलग, कारण भरपाईची अट तीच असते. 20 मिनिटं तरंगवलं, कापलं, जाळीतून ओतलं, टबमध्ये सोडलं. एकूण अर्ध्या तासाचं काम. पहिला दिवस उपास. दुसऱ्या दिवसापासून भुगा केलेली स्पिरुलिना (शेवाळाचं खाद्य), चिमूटभर, दोनदा. लिमिया शेवाळ खरवडणारा मासा आहे. नुसत्या कोरड्या मांसाहारी दाण्यावर तो फुगतो. उकडलेल्या पालकाचं पान त्यांना आवडतं.

रोज 4 लिटर पाणी काढून बोअरचं 4 लिटर घालत गेले. आठवड्यात मीटर 660 च्या पुढे. मासे तसेच हुंदडत राहिले.

दहावा दिवस

एका पिल्लाच्या गुदद्वारातून लाल दोरे बाहेर डोकावले, स्थिर असताना दिसणारे, हलताच आत जाणारे. हा कॅमॅलॅनस. गप्पीच्या कुळातल्या माशांबरोबर हा कृमी फार फिरतो, आणि त्याची एक जात टाकीतल्या टाकीत मध्यस्थ जिवाशिवायही पसरते. नव्या माशांना वेगळं ठेवणं, म्हणजे क्वारंटाइन, तीन-चार आठवड्यांचं का, याचं उत्तर इथे मिळतं. पहिल्या आठवड्यात काहीच दिसलं नव्हतं.

उपाय लेव्हामिसॉल, गुरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारं. मात्रा लिटरला 2 मिलिग्राम, म्हणजे 40 लिटरला 80 मिलिग्राम. हा आकडा शुद्ध औषधाचा आहे. पुडी किंवा बाटलीवर ताकद किती लिहिली आहे ते वाचून भागाकार करायचा, नाही तर मात्रा दहा पटींनी चुकते. टब 24 तास झाकून ठेवला, कारण उजेडात औषध बिघडतं. हे औषध कृमीला मारत नाही, लुळं पाडतं. लुळा कृमी बाहेर पडून तळाशी येतो आणि शुद्धीवर येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी तळ सायफनने नीट ओढून निम्मं पाणी बदलावं लागतं. तीन आठवड्यांनी परत एक फेरी. एक पिल्लू गेलं, नऊ राहिली. टबची जाळी, पाइप, बादली मुख्य टाकीला लागली नाही. त्यांवर लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती, म्हणजे घरातल्या कोणाची चूक होणार नाही.

पुढचा उन्हाळा, आणि नाकारलेली ऑर्डर

मेमध्ये पाणी 34 अंशांवर गेलं. टाकीचं झाकण काढून पाण्यावरून तिरपा छोटा पंखा सोडला, पाणी 31 वर टिकलं. कोरड्या हवेत रोज तीनेक लिटर उडे. ही भर आरओच्या पाण्याने घालायची, बोअरच्या नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यावर बोअर घालत गेलात तर जूनपर्यंत टीडीएस दीड-दोन हजारांवर जातो आणि मासे का मलूल हे कळत नाही.

याच घरच्यांनी पुढे अमेका स्प्लेंडेन्स मागवायचं ठरवलं होतं. मेक्सिकोतल्या हलिस्को राज्यातला, झऱ्यांच्या पाण्यातला हा मासा; 1971 मध्ये त्याची नोंद झाली. पिल्लं आईच्या पोटात फितीसारख्या अवयवांतून पोषण घेतात आणि जन्मतः सेंटिमीटरहून मोठी असतात, म्हणून ती हवीशी वाटतात. पण या कुळाला वीस-चोवीस अंशांचं पाणी मानवतं. 34 ला चिलरशिवाय, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय, ती तगत नाहीत, आणि चिलर इन्व्हर्टरवर रात्रभर चालत नाही. शिवाय यांच्या माद्या वीर्य साठवत नाहीत. नर मेला की वेतं थांबली. सल्ला दिला तो न मागवण्याचा, आणि त्यांनी तो मानला.

एंडलर मात्र खानदेशात चांगला रुळतो. व्हेनेझुएलाच्या कुमानाजवळच्या उबदार पाण्यातला हा मासा, 2005 मध्ये पोइसिलिया विंगेई या नावाने नोंदलेला. अडचण एकच, गप्पीशी तो सहज मिसळतो. डासांसाठी आरोग्य केंद्रातून मिळालेले गप्पी ज्या घरच्या हौदात आहेत, तिथे एंडलर एका बादलीतही एकत्र येता कामा नये. आणि उरलेली पिल्लं, कोणत्याही जातीची, तापीत, हतनूरच्या पाण्यात किंवा शेतातल्या विहिरीत सोडायची नाहीत.

नऊ लिमियांत चार नर, पाच माद्या निघाल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत मोठ्या नराच्या पाठीवर उंचवटा स्पष्ट दिसू लागला. त्यांची 12 पिल्लं फैजपूरच्या एका घरी गेली, टीडीएस आणि पीएच लिहिलेल्या चिठ्ठीसह. 60 लिटरच्या टाकीवर अजून कागद चिकटवलेला आहे: 'मे. बाप माहीत नाही. कोणाला द्यायची नाहीत.'